सांभाळून चालवण्याची जुनी सवय नव्या वेगवान गाडीला पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साठी ओलांडलेल्या माणसाच्या पार्किंगमध्ये स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस किंवा बीएमडब्ल्यू एम३४०आय यांसारखी वेगवान गाडी येऊन उभी राहिली, की सोसायटीत दोन शेरे हमखास ऐकू येतात. ‘या वयात हे काय खूळ!’ हा पहिला. ‘काका चालवणार चाळीसनं, मग एवढी गाडी कशाला?’ हा दुसरा. घरची मुलंही यातलंच काहीतरी म्हणतात. आम्ही पुणे परिसरात अशा गाड्यांची दुरुस्ती करणारे आणि गाडी चालवायला शिकवणारे लोक आहोत. आमचं म्हणणं जरा निराळं आहे. हे मालक बेफाम नसतात, उलट फार जपून चालवतात. अडचण एवढीच, की हे जपणं ते ज्या गाडीवर शिकले ती प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसिडर नाहीतर मारुती ८०० होती.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास आणि ब्रेक ड्रमचे. २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस २३० अश्वशक्तीची होती, २०२० ची २४५ ची. २०२५ मध्ये आलेली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय २६५ ची आहे. २०२१ मध्ये आलेल्या एम३४०आयमध्ये ३८७ अश्वशक्ती होती आणि ती ४.४ सेकंदांत शून्यावरून १०० ला जाते. तरीही ताकदीचा आकडा हा यातला सगळ्यात कमी काळजीचा भाग आहे, कारण ॲक्सिलरेटर जेवढा दाबाल तेवढीच ती बाहेर येते. काळजी ब्रेकची, टायरची आणि चालवणाऱ्याच्या डोळ्या-पायांची करायला हवी, आणि नेमकं त्याबद्दल शोरूममध्ये कोणी चकार शब्द काढत नाही.

सुरुवात ब्रेकपासून. जुन्या गाडीत एकदम ब्रेक दाबला की चाकं लॉक होऊन गाडी घसरायची, म्हणून ‘पंप करत ब्रेक मारा’ असं शिकवलेलं असायचं. ती सवय पायात मुरलेली असते. आजच्या गाडीत एबीएस ही ब्रेकची यंत्रणा तेच काम सेकंदाला अनेकदा करतं, आणि प्रत्येक चाकाचं वेगवेगळं करतं. पाय उचलून पुन्हा दाबला तर मधल्या वेळात गाडी ब्रेकशिवाय पुढे जाते. दुसरी चूक याहून सर्रास होते. पेडल जोरात दाबलं की ते पायाखाली थरथरतं आणि कर्र असा आवाज येतो. काहीतरी मोडलं असं वाटून माणूस पाय सैल करतो. तो आवाज एबीएसचा पंप चालू असल्याचा आहे, बिघाडाचा नाही. पाय पूर्ण दाबायचा, गाडी थांबेपर्यंत दाबूनच धरायचा आणि जिथे रिकामी जागा आहे तिकडे स्टिअरिंग वळवायचं. ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग वळतं, एबीएसचा खरा फायदा तोच.

हे वाचून जमत नाही, पायाला कळावं लागतं. सकाळच्या वेळी मोकळा, सरळ, कोरडा रस्ता पाहा. मागे कोणी नाही याची आरशात खात्री करा, सीटवरच्या सुट्या वस्तू डिकीत टाका. ४० च्या वेगावर ब्रेक एका दणक्यात तळापर्यंत दाबा आणि गाडी थांबेपर्यंत धरून ठेवा. मग ६० वर तेच करा. शेजारी बसलेल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर त्याचा जीव जायचा. दोन-तीनदा केलं की पायाची भीती मोडते. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याच्या तोंडावर, हे करावं.

घाटात गाडी न्यूट्रल करून सोडणं ही दुसरी सवय. पेट्रोल वाचतं या समजुतीने ती इतकी पक्की झालेली असते, की ऑटोमॅटिक गाडीतही काही जण बोरघाट नाहीतर खंबाटकी उतरताना लीव्हर ‘एन’वर नेतात. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडंफार तथ्य असेल. आजच्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर बंद होतात आणि पेट्रोल अजिबात जळत नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतंच. शिवाय इंजिनाचा अडसर गेल्यामुळे दीड टनाच्या आसपासच्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. उतार सुरू होण्याआधी गिअरबॉक्स मॅन्युअलवर घ्या आणि स्टिअरिंगमागच्या डाव्या पॅडलने (बोटाने ओढायच्या पट्टीने) तिसरा किंवा दुसरा गिअर घ्या. ब्रेक थोडा जोरात दाबून वेग उतरवायचा आणि पूर्ण सोडायचा. सतत हलका पाय ठेवून उतरलं की डिस्क तापत जातात. जळका वास आला तर लगेच थांबून हँडब्रेक ओढू नये, तापलेल्या डिस्कवर पॅड चिकटून राहतात. घाट संपल्यावर दोन-तीन किलोमीटर ब्रेक न लावता हळू चालवलं की वारा लागून त्या निवतात.

याच संदर्भात ब्रेक फ्लुइड. ते हवेतली ओल शोषतं, आणि आपल्याकडचे पावसाळ्याचे चार महिने त्याला पुरेसे असतात. डॉट ४ दर्जाचं ताजं फ्लुइड किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओल धरलेल्या फ्लुइडसाठी तीच मर्यादा १५५ अंशांची आहे. घाटात ब्रेक तापून फ्लुइड उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी फ्लुइड बदलायचं असतं, गाडी कितीही कमी चालली असली तरी. निवृत्त मालक इथेच फसतात. ‘दोन वर्षांत सहा हजार किलोमीटरही झाले नाहीत, कशाला बदलायचं?’ असा त्यांचा हिशोब असतो. फ्लुइडला किलोमीटर कळत नाहीत.

टायरचंही असंच. नक्षी भरपूर शिल्लक म्हणजे टायर चांगला, हा हिशोब दिवसाला पन्नास किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा. वर्षाला तीन-चार हजार चालणाऱ्या गाडीचा टायर झिजायच्या आधी म्हातारा होतो. रबर कडक होतं, बाजूच्या भिंतीवर केसासारख्या भेगा दिसायला लागतात आणि ओल्या रस्त्यावरची पकड जाते. टायरच्या भिंतीवर डॉट या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ असतील तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. हे आकडे कधी कधी टायरच्या एकाच बाजूला असतात, मग गाडीखाली वाकून किंवा मोबाईल खाली धरून फोटो काढून पाहावं लागतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायरवाल्याकडून तपासून घ्यावेत आणि आठव्या वर्षापर्यंत, नक्षी कितीही चांगली दिसो, बदलून टाकावेत. अशा गाडीला दहा वर्षांपर्यंत ताणू नये. कायद्याने झिजेची खूण १.६ मिलिमीटरवर असते. रुंद टायरच्या गाडीसाठी पावसाळ्यात ३ मिलिमीटरच्या खाली जाऊ नये असं आमचं मत आहे, कारण टायर जेवढा रुंद तेवढं साचलेलं पाणी बाजूला सारायला त्याला जड जातं आणि गाडी पाण्यावर तरंगायला लागते. असं झालं की स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. तेव्हा ब्रेक मारू नये, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडावा. मुळात पाणी साचलेलं दिसलं की द्रुतगती मार्गावरही ७०-८० च्या वर राहू नये.

बदलताना आकाराइतकंच त्यापुढचं अक्षर बघा. २२५/४५ आर१७ ९१डब्ल्यू यातलं ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलोची क्षमता आणि डब्ल्यू म्हणजे २७० किलोमीटरचा वेग. ‘आपण कुठे एवढ्या वेगात जातो’ म्हणून एच किंवा टी अक्षराचा स्वस्त टायर टाकून घेणारे भेटतात. गाडी शंभरनेच चालवली तरी कंपनीने सस्पेन्शन आणि ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) ज्या टायरवर जुळवलेलं असतं त्याच्याशी मग ते जुळत नाही. विम्याच्या सर्वेक्षकाच्याही हातात आयता मुद्दा मिळतो. हवा मात्र ‘गाडी कडक वाटते’ म्हणून कमी ठेवायची नाही. २२५ मिलिमीटर रुंदीच्या, ४० प्रोफाइलच्या (म्हणजे भिंत रुंदीच्या ४० टक्के) टायरची भिंत जेमतेम ९ सेंटिमीटरची असते. हवा कमी असताना खड्ड्यात आदळली की भिंत रिम आणि खड्ड्याच्या कडेमध्ये चेपते, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी टायरवर फुगवटा दिसतो. फुगवटा आलेला टायर दुरुस्त होत नाही. दाबाचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर नाहीतर पेट्रोलच्या झाकणामागे लिहिलेला असतो. पंपावरच्या मुलाला ‘नेहमीसारखी भर’ म्हणू नये, आकडा सांगावा, आणि तोही टायर थंड असताना.

समृद्धी महामार्गावर जायचं तर हे सगळं दुप्पट महत्त्वाचं. ७०१ किलोमीटरचा सरळसोट काँक्रीटचा रस्ता, मर्यादा १२०, विदर्भातला उन्हाळा आणि वर्षभर पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीचे सात वर्षांचे टायर, हे एकत्र आले की काय होतं ते बातम्यांत येतच असतं. रन-फ्लॅट टायर असतील तर हवा गेल्यावर साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं. पातळ स्टेपनीलाही ८० चीच मर्यादा असते. काही गाड्यांत स्टेपनीच नसते, तेव्हा घरून निघण्याआधी डिकीतली गादी उचलून आत नक्की काय आहे ते बघून ठेवावं. सतरा-अठरा इंची चाक वीस किलोच्या आसपास भरतं, ते सत्तरीतल्या माणसाने महामार्गाच्या कडेला बसून बदलायच्या भानगडीत पडू नये. गाडी डावीकडे घ्यावी, हॅझर्ड दिवे लावावेत, सगळ्यांनी रेलिंगच्या पलीकडे उभं राहावं आणि मदतीला फोन करावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, इतरत्र ११२.

आता तिसरी जुनी सवय: सकाळी गाडी चालू करून दहा मिनिटं जागेवर तापवणं, मग देवळापर्यंत नाहीतर मंडईपर्यंत जाऊन परत येणं. गाडी जपण्याचा हा प्रकार आम्हाला सर्वांत जास्त काम देतो. जागेवर इंजिन हळूहळू तापतं आणि तोवर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. दीड किलोमीटरच्या फेरीत पाण्याचा काटा ९० वर येतो खरा, पण ऑइल त्याच्या बरंच मागे असतं, त्यामुळे ऑइलमधली ओल आणि पेट्रोल उडून जात नाही. यातल्या अनेक गाड्यांत पेट्रोल फक्त थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, म्हणजे इनटेक व्हॉल्व्हवरून ते जात नाही आणि व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत. त्यांच्यावर काजळीचा थर चढत जातो. थंड इंजिन चालू केल्यावर थरथरतं, मिसफायरचा दिवा लागतो, उचल कमी होते. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्यांचा इथे उपयोग नाही, कारण पेट्रोल त्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. इनटेक मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या कवचाचा चुरा हवेच्या दाबाने मारून तो थर काढावा लागतो.

तेव्हा गाडी चालू करा, पट्टा लावा, आरसे पाहा आणि निघा. ऑइलचं तापमान दाखवणाऱ्या गाडीत ते ८० अंशांवर जाईपर्यंत ३००० आरपीएमच्या आत राहा. आठवड्यातून एकदा तरी सलग पाऊण तास चालवा. त्यातही ऑइल तापल्यावर, मोकळ्या रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये एक-दोनदा इंजिन ५००० पर्यंत जाऊ द्या. वेग शंभरच्या आतच राहतो आणि इंजिनाला ते हवंच असतं. ‘इतकी ओढली तर खराब होईल’ ही भीती पद्मिनीची. घाट चढून आल्यावर मात्र लगेच बंद करू नये, शेवटचे दोन किलोमीटर निवांत आणावी म्हणजे टर्बो (इंजिनात जादा हवा भरणारा पंखा) थंडावतो. आणि बंद करण्याआधी एकदा ॲक्सिलरेटर दाबून ‘घर्र’ करायची पद्धत तर पूर्ण सोडून द्यावी.

ऑइल वर्षातून एकदा बदलायचं, मग किलोमीटर दोन हजार झालेले असोत. ऑक्टाव्हिया आरएस २३० च्या सहा गिअरच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदलायचा असतो. सव्वापाच लिटरच्या आसपास ऑइल बसतं आणि पातळी गिअरबॉक्स ३५ ते ४५ अंशांवर असतानाच, स्कॅनर लावून बघायची असते. गार गिअरबॉक्सवर अंदाजे भरून दिलं तर पातळी चुकते आणि मग गिअर पडताना झटके बसतात. याच गाडीच्या इंजिनातल्या थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचं प्लास्टिकचं घर काही वर्षांनी पाझरायला लागतं. खाली डाग दिसतोच असं नाही, फक्त कूलंटची पातळी महिन्यागणिक थोडी थोडी उतरते. साधं पाणी ओतून ती वर आणायची आणि विसरून जायचं, असं करू नये. महिन्यातून एकदा, इंजिन गार असताना, टाकीवरच्या दोन रेघांमध्ये पातळी आहे का एवढं बघावं. बॅटरीसाठी उभी गाडी नुसती चालू करून दहा मिनिटांनी बंद करणं हा उपाय नाही, त्यात उलट खर्चच जास्त होतो. महिनाभर मुलांकडे परदेशी जाणार असाल तर एजीएम प्रकारच्या बॅटरीला चालणारा स्वयंचलित चार्जर लावून जा. बॅटरी भरलेली असेल तर ती १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरली. बीएमडब्ल्यूची बॅटरी बदलल्यावर गाडीच्या संगणकात तशी नोंद करावी लागते. कोपऱ्यावरचा बॅटरीवाला हे करत नाही, आणि मग नवी बॅटरी लवकर जाते. महिनाभर उभ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर घर करतात हे वेगळं सांगायला नको. परत आल्यावर चालू करण्याआधी बॉनेट उघडून वायरी बघाव्यात.

आता चालवणाऱ्याबद्दल. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट पडतं. समोरच्या गाडीचा एलईडी डोळ्यावर आला की त्यातून सावरायलाही जास्त वेळ लागतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये मल्टिफोकल भिंग बसवलं असेल तर रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. ऑपरेशन ठरवतानाच ‘मी रात्री गाडी चालवतो’ हे डॉक्टरांना सांगावं, मग भिंगाची निवड वेगळी होऊ शकते. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात कडेने बघितलं की धूसर दिसतं, म्हणजे आरशात नुसते डोळे फिरवून भागत नाही, मान वळवावी लागते. स्पीडोमीटर डोळ्यापासून पाऊण मीटरवर असतो, चष्मा करताना ते अंतरही सांगावं. काच बाहेरून रोज पुसली जाते, पण आतून वर्षानुवर्षं नाही. डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हात तापून काचेच्या आतल्या बाजूला जो तेलकट पापुद्रा धरतं, त्यानेच रात्री समोरचे दिवे पसरलेले दिसतात. महिन्यातून एकदा ओल्या मायक्रोफायबरने आतली काच पुसली तर चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा फरक पडतो.

प्रतिक्रियेला लागणारा वेळ वयाबरोबर वाढतो, त्यावर उपाय अंतराचा. १०० च्या वेगाने गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. अर्धा सेकंद उशीर म्हणजे १४ मीटर, तीन ऑक्टाव्हिया एकामागे एक उभ्या केल्या तर होते तेवढी लांबी. १०० ऐवजी १२० ने गेलं तर नुसतं ब्रेकचं अंतर ४४ टक्क्यांनी वाढतं. दोन सेकंदांचं अंतर ठेवा असं सगळे सांगतात, साठीनंतर तीन ठेवावं. मध्ये कोणीतरी घुसणारच, घुसू द्यावं.

ओव्हरटेकिंगला ही गाडी खरं तर वरदान आहे. दुपदरी रस्त्यावर एसटीला मागे टाकायला साध्या गाडीला जितका वेळ लागतो त्याच्या निम्म्यात काम होतं. पण समोरून येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज वयाबरोबर चुकायला लागतो. दोन्ही गाड्या ८० ने असतील तर अंतर सेकंदाला ४४ मीटरने कमी होत असतं. त्यात डीएसजी ‘डी’वर असताना एकदम ॲक्सिलरेटर दाबला की गिअर खाली यायला आणि टर्बो भरायला क्षणभर जातो. त्या क्षणात काहीच होत नाही, मग माणूस आणखी दाबतो आणि पुढच्या क्षणी सगळी ताकद एकदम येते. ही गंमत उजव्या पदरात गेल्यावर कळून उपयोगाची नाही. बाहेर पडण्याआधीच डाव्या पॅडलने एक-दोन गिअर खाली घ्यावेत, इंजिन ३००० च्या वर आलं की मगच निघावं. ईएससीचं बटण पूर्ण बंद करण्याचं आपल्या रस्त्यांवर काही कारण नाही.

बसण्याची पद्धतही बदलावी लागते. जुन्या गाडीत पॉवर स्टिअरिंग नसे, म्हणून छातीजवळ स्टिअरिंग घेऊन ताठ बसायची सवय असते. एअरबॅगच्या गाडीत छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर हवेत. ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, आणि पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. स्पोर्ट सीट जितकी वर येते तितकी घ्या, बॉनेटचं टोक दिसतं आणि उतरणंही सोपं होतं. चढताना आधी पाठमोरं होऊन सीटवर बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. उतरताना उलट. एक पाय आत टाकून वळत बसलं की कंबर आणि सीटची उंच कड दोन्ही खराब होतात. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर दोन तास बसून खालच्या सीटवरून झटकन उठू नये, रक्तदाब उतरून गरगरतं. पाय जमिनीवर टेकवून अर्धं मिनिट तसंच बसावं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी निघण्याआधी साखर बघावी, ९० च्या खाली असेल तर खाऊन मगच निघावं, आणि ग्लुकोज दाराच्या कप्प्यात ठेवावं, डिकीतल्या बॅगेत नको.

मधुमेहाने तळपाय बधिर झाला असेल तर ती गोष्ट डोळ्यांइतकीच गंभीर आहे. पाय कोणत्या पेडलवर आहे, किती दाबतोय, हे कळत नाही आणि ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जातो. असे अपघात महामार्गावर कमी, सोसायटीच्या रॅम्पवर आणि स्टिल्ट पार्किंगमध्ये जास्त होतात. मागे वळून बघताना कंबर फिरते, तिच्याबरोबर उजवा पाय सरकतो आणि तो ब्रेकवर आहे असं वाटत राहतं. ऑटोमॅटिक गाडी सपाट जागेवर ब्रेक सोडला की आपोआप सरकते, तेव्हा पार्किंगमध्ये पाय ब्रेकवरच ठेवायचा, ॲक्सिलरेटरला शिवायचंच नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय ‘आर’वरून ‘डी’वर जायचं नाही. कोल्हापुरी किंवा सपाता घालून गाडी चालवू नये, मागे पट्टा असलेली पातळ तळाची चप्पल नाहीतर बूट हवेत. आणि ॲक्सेसरीच्या दुकानातून घातलेली ती जाडजूड सेव्हन-डी मॅट काढून टाका. या गाड्यांचा ॲक्सिलरेटर जमिनीला बिजागरी असलेला असतो, मॅट पुढे सरकली की तिची कड त्याला अडकते. कंपनीची, खाली खुंटीला बसणारी मॅटच ठेवावी, आणि एकावर एक दोन तर कधीच नकोत.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. या गाड्यांचे पहिले मालक बऱ्याचदा इंजिनाचा संगणक रीमॅप करून ताकद वाढवतात आणि विकताना बोलत नाहीत. विमा कंपनीला न सांगितलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो. घेण्याआधी स्कॅनरवर सॉफ्टवेअर तपासून घ्यावं आणि मूळ स्थितीत आणून घ्यावं. २३० अश्वशक्ती पुरेशी आहे.

आता परिवहन खात्याकडे एक मागणी. खासगी गाडीचा परवाना पंचावन्न वर्षांनंतर दर वेळी पाच वर्षांसाठी मिळतो आणि चाळिशीनंतर नमुना १-अ मधलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. ते कसं मिळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. नमुना १ मध्ये अर्जदार स्वतःच लिहून देतो की चांगल्या उजेडात २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते. १०० च्या वेगाने २५ मीटर एका सेकंदाच्या आत संपतात. रातांधळेपणा आहे का एवढं विचारतात, पण डोळ्यावर दिवा आल्यावर किती वेळाने दिसतं, कडेचं किती दिसतं, पायाला पेडल कळतं का, याचा तिथे प्रश्नच नाही. साठीनंतरच्या नूतनीकरणात कडेच्या नजरेची तपासणी, तळपायाच्या संवेदनेची तपासणी आणि प्रशिक्षकाबरोबर अर्ध्या तासाची फेरी ठेवावी. परवाना काढून घेण्यासाठी नाही, काय सुधारायचं ते सांगण्यासाठी. भोसरीच्या सीआयआरटीसारखी रस्ते वाहतुकीचं प्रशिक्षण देणारी संस्था याचा अभ्यासक्रम सहज आखू शकेल. तोवर तारीख तरी चुकवू नये. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि मधल्या काळात अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो.

मुलांनी ‘बाबा, विकून टाका ती गाडी’ असं म्हणण्याआधी एकदा संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, वडिलांच्या शेजारी बसून पुण्याहून लोणावळ्यापर्यंत जावं आणि तोंड बंद ठेवून बघावं. लेन बदलण्याआधी मान वळते का, पुढच्या गाडीचे ब्रेकदिवे लागल्यावर पाय किती उशिरा हलतो, पाटी जवळ आल्यावरच वाचली जाते का, वळणावर गाडी पांढऱ्या रेघेवर सरकते का. घरी आल्यावर डाव्या बाजूच्या दोन्ही अलॉय व्हील्सच्या कडा बघाव्यात. तिथे ताजे ओरखडे दिसले तर डावीकडचा अंदाज चुकतोय. हे फक्त रात्री होत असेल तर गाडी दिवसा चालवावी. दिवसाही होत असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं, मग प्रशिक्षकाकडे, आणि गाडी विकायचा विषय त्यानंतर काढावा.

आपले,
मोटार दुरुस्ती आणि चालक प्रशिक्षण व्यवसायातील काही जण,
पुणे